रंग वाळायच्या आत: रेनेसाँमधली माझी आवडती चित्रं

फाइन आर्टच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलंय, "सर, तुम्ही तीसेक वर्षं पेंटिंग करताय, तर रेनेसाँमधली तुमची स्वतःची आवडती चित्रं कोणती? हिस्ट्रीच्या पेपरात लिहितो तसं नको, चित्रकार म्हणून तुम्ही बघताना नक्की काय बघता ते सांगा."

रेनेसाँ म्हणजे साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकातला, युरोपातला आणि मुख्यतः इटलीतला, कलेच्या बहराचा काळ. आधी एक अनुभव सांगतो कारण माझी सगळी आवड त्यातूनच आलीये. वीसेक वर्षांपूर्वी साताऱ्याकडे एका जुन्या वाड्याची दुरुस्ती चालू होती आणि मालकांना देवघराच्या भिंतीवर चित्र हवं होतं, तेही जुन्या पद्धतीनं, ओल्या चुन्यावर. मी तोवर पोर्ट्रेट ऑइलमध्ये करायचो आणि लँडस्केप वॉटरकलरमध्ये, हा ओल्या चुन्यावरचा प्रकार, म्हणजे फ्रेस्को, फक्त पुस्तकात वाचलेला. तिथल्या म्हाताऱ्या गवंडीमामांनी कळीचा चुना भिजवून कित्येक महिने मुरत ठेवला होता, लोण्यासारखा झालेला. त्यांनी सकाळी मला तीन फूट बाय दोन फुटांचा गिलावा ओढून दिला आणि म्हणाले, "सायेब, दिवस मावळस्तवर ह्यो तुमचा, मग भिंतीचा."

त्या वाक्याचा अर्थ मला संध्याकाळी कळला. दुपारपर्यंत भिंत रंग कसा पिऊन घेत होती, ब्रश टेकला की रंग आत, आणि मग पाचच्या सुमारास तोच रंग वरच्यावर बसायला लागला, बोट फिरवलं की पूड हाताला यायची. पहिले तीन दिवस मी जे काढलं ते दुसऱ्या सकाळी खरवडून काढावं लागलं. चौथ्या दिवशी जमलं, पण पंधरा दिवसांनी बघतो तर पिवडी वाळून निम्म्याने फिकी झालेली. म्हणजे चित्र काढताना दिसतं ते खरं नसतंच, वाळल्यावर कसं दिसेल ते डोक्यात धरून रंग लावायचा असतो.

तेव्हापासून कुठलंही जुनं चित्र समोर आलं की मी आधी हेच बघतो की हा रंग वाळायला किती वेळ लागत होता आणि चित्रकारानं तेवढ्या वेळात काय केलं. फ्रेस्कोला एक दिवस. अंड्याच्या बलकात कालवलेला टेम्परा, त्याला मिनिटभर. जवसाच्या किंवा अक्रोडाच्या तेलातला रंग, त्याला दिवस नाहीतर आठवडे. रेनेसाँच्या दीडदोनशे वर्षांत चित्रकारांच्या हातातलं हे घड्याळच बदललं आणि माझी आवडती चित्रं ही सगळी त्या घड्याळाशी झगडणारी आहेत.

पहिलं नाव मसाच्चोचं. फ्लॉरेन्समध्ये सांता मारिया देल कार्मिने नावाचं चर्च आहे, बाहेरून अगदी साधं, त्यात ब्रांकाच्ची चॅपेल, चॅपेल म्हणजे चर्चमधलंच छोटं प्रार्थनेचं दालन. तिथे १४२५ ते २७ च्या दरम्यान ह्या पोरानं भिंती रंगवल्या, पोरगाच तो, १४०१ चा जन्म आणि १४२८ ला रोममध्ये वारला सुद्धा. आत शिरतानाच डाव्या हाताला वर, बंदी असलेलं फळ खाल्लं म्हणून ॲडम आणि ईव्हला बागेतून हाकलून देतात ते चित्र आहे, उंच आणि अरुंद. आम्ही गेलो तेव्हा आत थांबायला वेळ मोजून मिळत होता आणि मी जवळजवळ सगळा वेळ त्या एका पट्ट्याखालीच घालवला, बायको बाकीचं सगळं बघून आली. ईव्हचं तोंड बघा. जवळून बघितलं तर ते तोंड म्हणजे एक काळा खळगा आणि डोळे म्हणजे खाली ओढलेले दोन फटकारे, बस. डोळ्यांत बुबुळ नाही, ओठांना कड नाही. पण ती ओरडतेय हे तुम्हाला ऐकू येतं. ॲडमनं दोन्ही हातांनी चेहरा झाकलाय, त्यामुळे रडणं दाखवायला चेहराच नाही, तर ते रडणं मसाच्चोनं पोटात दाखवलंय, आत ओढलेलं पोट आणि वर आलेल्या बरगड्या. आणि उजेड कुठून येतो? चॅपेलला जी खरी खिडकी आहे त्या बाजूनं. पायांच्या सावल्या जमिनीवर पडतात. त्याआधीच्या कित्येक चित्रांत माणसं जमिनीवर टेकलेलीच वाटत नाहीत, ही दोघं चालतायत, अनवाणी, आणि पायाखालची जमीन कठीण आहे.

समोरच्या खांबावर मसोलिनोचे ॲडम आणि ईव्ह आहेत, फळ खायच्या आधीचे. तो मसाच्चोबरोबर तिथेच काम करणारा, वयानं मोठा चित्रकार. सुंदर, शांत, नीट केस विंचरलेले. ते वाईट नाहीत हां, पण दोन्ही बाजूंना मान वळवून बघितलं की काय बदललं ते पुस्तकाशिवाय कळतं. मला तरी असं वाटतं की मसाच्चोच्या ईव्हच्या तोंडात जो जोर आहे तो ओल्या भिंतीमुळेच आला. नाजूक करत बसायला वेळच नव्हता. पुढे १६८० च्या सुमारास कुणाला तरी ती नागडी शरीरं खटकली म्हणून त्यांच्यावर पानं रंगवली, ती पानं १९८० च्या दशकातल्या सफाईत काढली. पानांसकटचे जुने फोटो मिळाले तर बघा, नजर पानांवरच जाऊन अडकते आणि ओरडणं ऐकू येत नाही.

त्याच गावात सान मार्कोचा मठ. तिथे फ्रा अँजेलिकोनं, तो स्वतः त्या मठाच्याच डॉमिनिकन पंथाचा साधू, १४४० च्या आसपास साधूंच्या एकेका खोलीत एकेक चित्र काढलंय. जिन्यानं वर गेल्यावर समोर येणारं देवदूत आणि मेरीचं चित्र सगळ्यांना माहीत असतं. मला सातव्या खोलीतलं आवडतं. येशूच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीये आणि त्याची टिंगल चाललीये, पण टिंगल करणारी माणसं चित्रात नाहीतच. नुसते हात तरंगतायत, एक हात काठी घेऊन, एक हात चापट मारायला, आणि एक मुंडकं थुंकतंय. खाली मेरी आणि संत डॉमिनिक बसलेत, ती आपल्या विचारात, तो पुस्तकात. पाचशे ऐंशी वर्षांपूर्वी एका माणसानं ठरवलं की इथे शरीरं लागत नाहीत! नको ते काढून टाकणं हे विसाव्या शतकात सुरू झालं असं आपल्याला शिकवतात, त्यांना ही खोली दाखवायला पाहिजे. छोटी खोली, एक खिडकी, एक माणूस आणि हे एकच चित्र, तेही रोज. त्याला रंगांचा श्रीमंती थाट करून चाललंच नसतं, म्हणून माती, पांढरा, थोडा हिरवा, संपलं.

निळ्याबद्दल इथेच बोलून घेतो. ह्या काळातला सगळ्यात महाग निळा म्हणजे लाजवर्दाचा, तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा. १४८५ चा एक करार उपलब्ध आहे, फ्लॉरेन्समध्ये गिर्लांदायो ह्या चित्रकाराशी केलेला, त्यात स्पष्ट लिहिलंय की निळा साधारण चार फ्लोरिनला (तिथलं सोन्याचं नाणं) औंस ह्या भावाचाच असला पाहिजे. म्हणजे गिऱ्हाईक चित्राच्या आधी निळ्याचा भाव ठरवतंय. आणि हाच बदख्शानचा दगड आपल्याकडे अजिंठ्यात त्याच्या हजार वर्षं आधी वापरलाय, पाचव्या शतकात. अजिंठ्याला लोक सरसकट फ्रेस्को म्हणतात पण ते तसं नाही, तिथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग वाळलेल्या भिंतीवर डिंका-सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेला रंग. इटालियन लोकांनाही निळा बऱ्याचदा असा कोरड्या भिंतीवरच लावावा लागायचा, म्हणून चर्चमध्ये बघाल तर लाल पिवळं शाबूत असतं आणि मेरीचा निळा पदर मात्र पोपडे होऊन गेलेला असतो. सगळ्यात महाग रंग सगळ्यात आधी जातो. मी पहिल्यांदा हे नीट बघितलं तेव्हा फार वाईट वाटलं.

आता पिएरो देल्ला फ्रान्चेस्का. एकच चित्रकार निवडा म्हणाल तर हाच. आरेत्सो गावात सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये त्यानं येशूला ज्या क्रूसावर चढवलं त्याच्या लाकडाची गोष्ट रंगवलीये, १४५० आणि ६० च्या दशकांत. हा माणूस सावकाश काम करणारा, गणितावर ग्रंथ लिहिणारा, त्याला दिवसभरात आटपा ही अट सोसेना, मग त्यानं काय केलं तर रात्री गिलाव्यावर ओली फडकी लावून ठेवली, म्हणजे भिंत दुसऱ्या दिवशीही थोडी ओली राहील. हे समजलं तेव्हा मला साताऱ्याचे गवंडीमामा आठवले, त्यांनीही तिसऱ्या दिवशी मला तेच सुचवलं होतं, पोतं भिजवून लावा म्हणाले होते. त्या भिंतीवर खाली उजवीकडे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन तंबूत झोपलाय आणि वरून देवदूत झेपावतोय, आणि सगळा उजेड त्या देवदूताकडूनच येतो. रात्र. ओल्या चुन्यावर रात्र काढणं म्हणजे काय ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही, कारण चुन्यावर रंग वाळून फिकाच होतो, काळोख धरूनच राहत नाही. त्यानं काळा वापरून रात्र केलेली नाही, बाजूच्या पहारेकऱ्यांना उजेडाच्या विरुद्ध उभं केलंय, त्यांच्या कडा तेवढ्या उजळल्यात, आणि तंबूचा आतला भाग उबदार ठेवलाय. रात्रीचा भास होतो तो शेजारच्या रंगांमुळे.

आरेत्सोहून बसनं सानसेपोल्क्रोला गेलो, त्याच्या गावाला. तिथल्या म्युझियमच्या भिंतीवर येशू कबरीतून उठतो ते चित्र आहे. खाली चार शिपाई झोपलेत, वर तो उभा, एक पाय कबरीच्या काठावर, आणि सरळ तुमच्याकडे बघतोय. डावीकडची झाडं निष्पर्ण, उजवीकडची पालवलेली. झोपलेल्या शिपायांपैकी एकाला नीट बघितलं तर पायच नाहीत, त्याच्या पायांना जागाच उरत नाही, आणि इतका हिशेबी माणूस हे मुद्दाम करतो कारण पाय काढले असते तर खालचा त्रिकोण बिघडला असता. १९४४ मध्ये ब्रिटिश तोफखान्याचा एक अधिकारी टोनी क्लार्क ह्या गावावर तोफा डागत होता, त्याला कधीतरी वाचलेला एक निबंध आठवला, त्यात ह्या चित्राला जगातलं सर्वोत्तम चित्र म्हटलं होतं, आणि त्यानं मारा थांबवला. चित्र त्यानं तोवर डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. गावात आज त्याच्या नावाचा रस्ता आहे.

टेम्पराचं घड्याळ समजून घ्यायचं तर पिएरोचंच लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं येशूच्या बाप्तिस्म्याचं चित्र बघा. अंड्याचा बलक, पाणी आणि रंगाची पूड, लाकडी फळीवर. ब्रश उचलला की वाळलं, त्यामुळे दोन रंग एकमेकांत मुरवता येत नाहीत, बारीक बारीक रेघा शेजारी शेजारी मारत जायचं, पैठणीच्या विणीसारखं. त्वचेखाली आधी हिरव्या मातीचा थर द्यायचे आणि वर गुलाबी रेघा, म्हणजे त्वचा जिवंत दिसते. काळाच्या ओघात वरचा गुलाबी विरळ झाला की चेहरे हिरवट दिसायला लागतात, ह्या चित्रातही तो हिरवा थोडा डोकावतो. त्या काळच्या एका चित्रकारानं तर लिहून ठेवलंय की तरुण चेहऱ्यांना शहरातल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक घ्या, तो फिका असतो, आणि म्हाताऱ्या किंवा सावळ्या चेहऱ्यांना गावाकडच्या कोंबडीचा. वाचून छान वाटलं होतं, कारण गावठी अंड्याचा बलक जास्त पिवळा असतो हे माझ्या आजीलाही माहीत होतं. चित्रात मागे एक माणूस अंगरखा काढतोय, डोकं अजून अंगरख्यातच अडकलंय. मुख्य प्रसंग केवढा मोठा आणि शेजारी हा माणूस घाटावर आंघोळीला आल्यासारखा! त्याच्या वाकलेल्या पाठीवर दुधासारखा सकाळचा उजेड आहे, आणि तो नुसत्या रेघांनी केलाय.

त्याच गॅलरीत व्हान आइक ह्या फ्लेमिश चित्रकाराचं आर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र आहे, १४३४ चं. म्हणजे पिएरोच्या बाप्तिस्म्याच्या आधीचंच, पण इथे घड्याळ वेगळं, तेलाचं. ८२ बाय ६० सेंटिमीटर, आपल्या कॅलेंडरपेक्षा थोडं मोठं एवढंच. बाईच्या हिरव्या झग्यापुढे मी किती वेळ उभा होतो देव जाणे. तो हिरवा एका फटक्यात लावलेला नाही, तांब्याच्या हिरव्या रंगाचे पारदर्शक थर एकावर एक, प्रत्येक थर वाळायची वाट बघून. उजेड त्या थरांतून आत जातो, खालच्या फिक्या अस्तरावर आपटून परत येतो, म्हणून तो झगा आतून उजळल्यासारखा वाटतो. मागे भिंतीवर गोल आरसा आहे, त्याच्या चौकटीत येशूच्या शेवटच्या दिवसांची दहा चित्रं, प्रत्येक नखाएवढं. कुत्र्याचे केस तर एकेक मोजून घ्यावेत असे, आणि तपासणीत कळलंय की कुत्र्याखाली आधीचं रेखाटनच नाही, तो नंतर सुचला आणि थेट रंगात आला. फ्रेस्कोवाल्याला नंतर सुचायची सोयच नाही. तेलवाल्याला आहे. ह्या एका सोयीमुळे पुढचं सगळं पेंटिंग बदललं असं माझं ठाम मत आहे.

त्याच गॅलरीत बेल्लिनीनं काढलेला व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख, लोरेदान आहे, १५०१-०२ चा. जरीचा झगा बघा, पूर्वीचे लोक खरा सोन्याचा वर्ख लावायचे, ह्यानं लावलेला नाही, रंगाचा पृष्ठभागच मुद्दाम खडबडीत ठेवलाय म्हणजे उजेड त्यावर जरीसारखा अडकतो. ऑइलमध्ये कापड करायला मी ह्याच चित्रापुढे शिकलो, शिक्षकांकडे नाही. १५०६ मध्ये जर्मन चित्रकार ड्यूरर व्हेनिसला होता, त्यानं घरी लिहिलंय की बेल्लिनी फार म्हातारा झालाय पण अजूनही चित्रकलेत तोच सगळ्यांत उत्तम.

ड्यूररचं नाव निघालंच आहे तर त्याचा गवताचा तुकडा, १५०३ मधला. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना म्युझियममध्ये असतो, उजेडानं खराब होतो म्हणून क्वचितच बाहेर काढतात, मी फक्त चांगल्या प्रिंटमध्ये बघितलाय. कागदावर जलरंग, जेमतेम ४१ बाय ३२ सेंटिमीटर. गवत, डँडेलियन, रुंद पानांचं रानटी रोप, खाली चिखल आणि मुळं. कुणी संत नाही, राजा नाही, गोष्ट नाही. बांधावर पालथं पडून बघितल्यासारखं. आम्ही कोल्हापूरकडची माणसं, वॉटरकलर आमच्याकडे घराघरात, आणि जुलैत वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, वाळत नाही, कागद दोन तास ओलाच, पंख्याखाली धरून बसतो. त्या दिवसांत मी हे चित्र समोर लावतो. त्यात किती हिरवे आहेत मोजा. फिका वॉश खाली, वाळल्यावर त्यावर दाट हिरव्याच्या एकेका पात्याची रेघ. पात्यामागचं पातं पुसट आहे. पावसाळ्यात दाराबाहेर पाऊल टाकलं की आपल्याला हेच दिसतं आणि आपण त्यावरून चालत जातो.

लिओनार्दोबद्दल बोलू नका असं तू म्हटलं नाहीस म्हणून लास्ट सपरवर, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांबरोबरच्या शेवटच्या जेवणाच्या चित्रावर, बोलतो. मिलानमध्ये मठाच्या जेवणघराची भिंत, १४९५ ते ९८. त्या वेळी तिथे ये-जा असलेल्या बांदेल्लो नावाच्या लेखकानं सांगितलंय की लिओनार्दो कधी पहाटे परांचीवर चढायचा तो दिवस मावळेपर्यंत खाणंपिणं विसरून काम करायचा, आणि कधी येऊन नुसता बघत उभा राहायचा, आणि कधी एक-दोन फटके मारून निघून जायचा. असा माणूस ओल्या चुन्यावर कसं काम करणार? त्यानं मग वाळलेल्या भिंतीवरच रंगवायचं ठरवलं, फळीवर करतात तसं. त्यामुळे त्याला हवा तेवढा वेळ मिळाला आणि भिंतीनं तो वेळ नंतर वसूल केला, रंग त्याच्या हयातीतच सुटायला लागला. १६५२ मध्ये तर त्या भिंतीत खाली नवं दार काढलं त्यात येशूचे पायच गेले. १९४३ च्या ऑगस्टमध्ये बॉम्ब पडून जेवणघर उद्ध्वस्त झालं, वाळूच्या पोत्यांनी झाकलेली ती भिंत उभी राहिली. मग पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन ह्या बाईंनी १९७८ ते १९९९ अशी एकवीस वर्षं इंच इंच साफ केलं. आता आत पंधरा मिनिटं मिळतात. मूळ रंगाचे जे तुकडे उरलेत, टेबलावरच्या ग्लासांचे, चादरीच्या घड्यांचे, ते बघताना घसा दाटून आला. मी त्याला चूक म्हणणार नाही. त्याला ज्या प्रकारचे चेहरे हवे होते, एकाच क्षणी बारा माणसांच्या बारा प्रतिक्रिया, ते एका दिवसाच्या घड्याळात बसत नव्हते. त्यानं चेहरे निवडले.

आणि त्याच्या बरोब्बर उलट मायकेल अँजेलो. रोमला व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेलचं छत, १५०८ ते १२. हा मूळचा शिल्पकार, सुरुवातीला जलप्रलयाच्या भागावर बुरशी आली, काम सोडून देतो म्हणत होता. लोक म्हणतात झोपून रंगवलं, नाही, उभ्यानं, मान मागे टाकून. त्यानं स्वतः कवितेत लिहिलंय की ब्रशमधला रंग चेहऱ्यावर ठिबकतो. ॲडमची आकृती चार दिवसांच्या तुकड्यांत आहे, हे गिलाव्याच्या सांध्यांवरून कळतं. पण माझं आवडतं वेदीच्या बरोबर वरचं शेवटचं चौकोन, देव उजेड आणि अंधार वेगळे करतो ते. ते एका दिवसात काढलंय. एका! चेहरा खालून बघितल्यासारखा, नीट दिसतही नाही, हात वर, अंगरखा वळतोय, कडा कुठे आहेत कुठे नाहीत. चार वर्षांनी त्या माणसाला भिंतीची तहान इतकी कळली होती की त्यानं अख्खा देव संध्याकाळच्या आत उतरवला. मान दुखेपर्यंत बघितलं मी. १९८० च्या दशकात छताची सफाई झाली तेव्हा रंग फार भडक निघाले म्हणून बरीच ओरड झाली होती. मला ते रंग बरोबरच वाटतात, कारण वीस मीटरवरून, मेणबत्त्यांच्या उजेडात वाचता यायला हिरव्याच्या सावलीत जांभळा आणि पिवळ्याच्या सावलीत लाल टाकावाच लागतो. सावलीत काळा टाकला असता तर खालून नुसते डाग दिसले असते.

राफाएलचं एकच सांगतो, कास्तिल्योने ह्या दरबारी लेखकाचं पोर्ट्रेट, पॅरिसच्या लुव्रमध्ये. काळा, करडा, पांढरा आणि त्यात दोन निळे डोळे. पोर्ट्रेटची ऑर्डर आली आणि गिऱ्हाईक भरजरी फेटा घालून बसलं की मी हे चित्र आठवतो. १६३९ मध्ये ॲमस्टरडॅमला ते लिलावात आलं, रेम्ब्राँट तिथे हजर होता, त्यानं घाईघाईत त्याचं स्केच केलं आणि बाजूला ३५०० गिल्डरला गेलं अशी नोंदही केली. विकत मिळालं नाही तर चित्रकार दुसरं काय करणार, काढून घेऊन आला.

पोन्तोर्मो कुणी फारसा विचारत नाही म्हणून मुद्दाम. फ्लॉरेन्समध्ये सांता फेलिचिता चर्चमध्ये, दारातून आत गेल्यावर उजव्या हाताला छोटं चॅपेल, त्यात येशूला उचलून नेतात ते चित्र, १५२५ ते २८. क्रूस नाही, शिडी नाही, जमीन जवळजवळ नाही. गुलाबी आणि आकाशी रंगांची माणसं तरंगतायत, आणि पुढचा पोरगा एवढं ओझं घेऊन चवड्यांवर बसलाय आणि आपल्याकडे असं बघतोय की तुम्ही तरी धरा. तीन वर्षं त्यानं चॅपेल बंद ठेवलं होतं, कुणाला बघू दिलं नाही. म्हातारपणी त्यानं एक डायरी ठेवली, त्यात रोज काय खाल्लं आणि आज भिंतीवर कुठला हात किंवा डोकं झालं एवढंच लिहिलेलं. ते भिंतीवरचं काम पुढे नष्ट झालं. डायरी उरली, त्यात अंडी, भाजी, पाव आणि एकेक दिवसाचा एकेक हात.

शेवटी टिशियन. व्हेनिसच्या दमट हवेत फ्रेस्को टिकत नाही, म्हणून तिथले लोक कॅनव्हासकडे वळले, आणि कॅनव्हासवरचं तेल म्हणजे हवा तेवढा वेळ. त्याचा शिष्य पाल्मा सांगायचा की तो चित्राचा सांगाडा रंगात उभा करून कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवून द्यायचा, कित्येक महिने. मग परत काढून असं बघायचा जणू ते त्याचे जन्माचे वैरी आहेत, आणि दुरुस्त करायचा, आणि परत भिंतीकडे. शेवटच्या टप्प्यात ब्रशपेक्षा बोटंच जास्त चालायची. मी हे वाचल्यापासून माझे कॅनव्हास भिंतीकडे फिरवून ठेवतो, विद्यार्थ्यांनाही लावलंय. तीन महिन्यांनी चित्र फिरवलं की चूक स्वतःहून समोर येते, शोधावी लागत नाही.

व्हेनिसच्या अकादमी गॅलरीत त्याचं शेवटचं चित्र आहे, मेलेल्या येशूला मांडीवर घेतलेली मेरी, स्वतःच्या थडग्यासाठी काढायला घेतलेलं. फार मोठं आणि फार अंधारं. उजवीकडे एक म्हातारा जवळजवळ उघड्या अंगानं गुडघ्यांवर रांगत येऊन येशूचा हात धरतोय, तो टिशियन स्वतःच. शरीराच्या कडा कुठेच बंद केलेल्या नाहीत, रंग चिखलासारखा लोटलाय, बोटांनी, आणि चार पावलं मागे आलं की ते मांस होतं. खाली कोपऱ्यात एक छोटी पाटी टेकवून ठेवलीये, नवसाची असते तशी, तिच्यावर तो आणि त्याचा मुलगा ओराझियो हात जोडून बसलेत, प्लेगमधून वाचव म्हणून. १५७६ च्या ऑगस्टमध्ये टिशियन गेला, प्लेग चालूच होता, थोड्याच दिवसांत ओराझियोही गेला. चित्र ओलंच राहिलं म्हणा ना. पाल्मानं ते पूर्ण केलं आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलं की टिशियननं जे अर्धवट सोडलं ते पाल्मानं आदरानं पुरं केलं आणि देवाला अर्पण केलं. पाल्माचा हात कुठे सुरू होतो ते मी बराच वेळ शोधत होतो. वर उडणाऱ्या छोट्या देवदूतात दिसतो, तिथे कडा नीट आहेत. म्हाताऱ्याच्या पाठीला मात्र त्यानं ब्रश लावलेला नाही.